जुन्या फ्रिजातला माशाचा वास: खायच्या सोड्याने का जात नाही आणि कशाने जातो

मे महिन्यात आमच्याकडे सेकंड हॅन्ड फ्रिज आला. डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, आतून पांढराशुभ्र पुसलेला. दुकानात दार उघडून बघितलं तेव्हा गुलाबासारखा काहीतरी सेंटचा वास आला, स्वच्छ दिसतोय म्हणून मी पैसे दिले. टेम्पोतून मालवणला घरी उतरवला, चार-पाच तास नुसता उभा ठेवला (आडवा करून आणलेल्या फ्रिजात कॉम्प्रेसरचं तेल पाईपात शिरलेलं असतं, ते खाली उतरायला वेळ द्यावा लागतो) आणि मग चालू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढायला दार उघडलं तर सेंट उडून गेलेला आणि खालून खरा वास वर आलेला, मासळी बाजारात दुपारी विक्री संपल्यावर फळ्या धुवायच्या आधी जो असतो ना, तोच.

मग जे सगळे करतात ते मी पण केलं. वाटीभर खायचा सोडा ठेवला, लिंबाच्या फोडी ठेवल्या, कोणी सांगितलं म्हणून कॉफी पावडर ठेवली. आठ दिवसांनी फ्रिजाला लिंबू, कॉफी आणि मासे असा तिन्हींचा वास यायला लागला. शेजारच्या काकी आल्या, दार उघडून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो वास बांगड्याचो नाय गो, मोरीचो आसा." मोरी म्हणजे न्हाणीतली नव्हे, मोरी मासा. तेव्हा वाटलं ह्यात काय फरक पडतो, वास तो वास. पण फरक पडतो, आणि हा सगळा लेख त्या फरकाबद्दलच आहे. वास कशाचा आहे आणि तो फ्रिजात नेमका कुठे लपलाय, या दोन गोष्टी कळल्याशिवाय काहीही ठेवलंत तरी पैसे वाया आणि दिवस वाया.

आधी वास म्हणजे काय ते बघू. वास येतो म्हणजे त्या वस्तूचे अगदी बारीक कण, रेणू म्हणतात ते, हवेत उडून आपल्या नाकात पोचलेले असतात. म्हणजे फ्रिजातली हवा खराब झालेली नसते, हवा तर दार उघडलं की क्षणात बदलते. आत कुठेतरी काहीतरी शिल्लक असतं आणि ते सारखे नवीन कण सोडत असतं. रूम फ्रेशनर मारला की आपण फक्त हवेत दुसरे कण सोडतो, मूळ वस्तू तिथेच असते. माझ्या फ्रिजात गुलाबाचा सेंट मारला होता त्याचं हेच झालं, सेंट दोन दिवसात उडाला आणि मासे राहिले.

आता माशाचा वास. समुद्रातल्या माशांच्या अंगात एक पदार्थ असतो, ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. खाऱ्या पाण्यात राहायचं तर शरीरातलं पाणी आणि मीठ यांचा तोल सांभाळायला त्यांना तो लागतो. या पदार्थाला स्वतःला वास नसतो, म्हणून एकदम ताजं पापलेट किंवा सुरमई जवळ घेऊन वास घेतलात तर फक्त समुद्राचा वास येतो, घाण वास येत नाही. मासा मेला की त्याच्यावरचे जिवाणू या पदार्थाचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि ह्या दुसऱ्याला वास असतो, इतका की हवेत अब्जात काही भाग एवढा जरी असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. गोड्या पाण्यातल्या माशात मूळ पदार्थच फार कमी असतो म्हणून त्यांचा वास वेगळा लागतो.

हे ट्रायमिथाइलअमाइन स्वभावाने अल्कली आहे, म्हणजे आम्लाच्या बरोबर उलट. आणि खायचा सोडा पण अल्कलीच, सौम्य आहे पण त्याच बाजूचा. म्हणजे माशाच्या वासासाठी सोडा ठेवणं म्हणजे आग विझवायला रॉकेल नाही पण पाणी पण नाही, काहीच नाही. उलट सोड्याच्या पाण्याने पुसलंत तर तो वास क्षणभर वाढतो सुद्धा, कारण अल्कली पाण्यात हे अमाइन जास्त मोकळं होऊन उडतं. आम्ल लावलं की मात्र त्याचं मीठ तयार होतं, मीठ म्हणजे जेवणातलं नाही, रसायनातलं, आणि ते उडत नाही, पुसून धुवून निघून जातं. आपल्या आज्या-पणज्या मासे धुताना कोकमाचं आगळ का लावत होत्या, चिंच का घालत होत्या, तळलेल्या तुकड्यावर लिंबू का पिळतात, ते सगळं हेच आहे. आपल्याला उपाय माहीतच होता, फक्त तो ताटात ठेवला आणि फ्रिजासाठी कुणाचं तरी ऐकून सोडा आणला.

मोरीचं अजून एक वेगळं प्रकरण आहे आणि काकींचं नाक तिथे कामाला आलं. मोरी म्हणजे शार्क. हे मासे समुद्राच्या खारेपणाशी जुळवून घ्यायला अंगात युरिया साठवून ठेवतात, शेतात टाकतो तोच युरिया, आणि मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. म्हणून शिळ्या मोरीचा वास डोळ्यात जातो, नाकात झिणझिण्या येतात. अमोनिया पण अल्कलीच. म्हणजे माझ्या फ्रिजातल्या दोन्ही वासांना आम्लच पाहिजे होतं आणि मी आठ दिवस सोडा ठेवला होता.

मग सोडा काहीच कामाचा नाही का, तर आहे, पण आंबट वासाला. दूध सांडून आंबलेलं, दही, लोणी खवट झालेलं, इडलीचं पीठ उतू गेलेलं, हे वास आम्लाचे असतात, खवट लोण्याचा तो उलटीसारखा वास म्हणजे ब्युटिरिक ॲसिड. तिथे सोड्याचं पाणी झकास काम करतं, एक लिटर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे पुरतात. कोरडा सोडा वाटीत ठेवण्यापेक्षा पाण्यात घालून पुसलेला कितीतरी पटीने बरा, कारण वाटीत फक्त वरचा थर हवेला लागतो, खालचा सगळा सोडा नुसता बसून असतो. कांदा-लसूण, सडलेला कोबी, फुटलेलं अंडं, यांचा वास गंधकाच्या पदार्थांचा, त्यांच्यावर व्हिनेगर पण फार चालत नाही आणि सोडा पण, तिथे धुणं, मोकळी हवा आणि कोळसा. आणि बंद फ्रिज उघडल्यावर येतो तो ओल्या गोणपाटासारखा, मातकट वास म्हणजे बुरशी, तिला मारावं लागतं आणि मग जागा कोरडी ठेवावी लागते, नाहीतर पंधरा दिवसात परत.

तर पहिलं काम, नाकाने ओळखा. डोळ्यात जाणारा किंवा मासळीचा असेल तर आम्ल, आंबट-खवट असेल तर सोडा, मातकट असेल तर बुरशी. जुन्या फ्रिजात बहुतेक वेळा दोन-तीन एकत्र असतात, मग एकामागून एक करायचं, मध्ये साध्या पाण्याने पुसून. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस करायची फार पद्धत आहे. त्यात दोघं एकमेकांनाच मारतात, फेस येतो आणि मागे जवळजवळ नुसतं पाणी उरतं, वासाशी भांडायला कोणीच शिल्लक राहत नाही.

नाकाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, ते लवकर दमतं. एकाच वासात पाच-दहा मिनिटं राहिलं की मेंदू तो वास सांगायचा बंद करतो, त्यामुळे साफ करताना तुम्हाला वाटतं गेला आणि बाहेरून आलेला माणूस दारातच नाक धरतो. म्हणून तपासायला अंगणात जाऊन पंधरा मिनिटांनी परत या, किंवा घरातल्या दुसऱ्याला विचारा. त्याहून चांगली युक्ती म्हणजे लोणी. स्निग्ध पदार्थ वास पटकन धरून ठेवतात. घरचं बिनमिठाचं ताजं लोणी दोन वाट्यांत घ्या, एक वाटी फ्रिजात उघडी ठेवा, दुसरी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तिथेच बाजूला ठेवा, रात्रभर राहू दे, सकाळी दोन्ही चाखून बघा. उघड्या वाटीला चव लागली की वास अजून आहे, नाक काहीही सांगो. मी तीनदा हे केलं, पहिल्या दोन वेळेला लोण्याला चक्क सुकटाची चव होती.

आता तो लपतो कुठे. इथे जरा फ्रिज कसा चालतो ते समजून घ्यावं लागेल, कारण लोक आतल्या भिंती घासून घासून पांढऱ्या करतात आणि वास येत असतो दुसरीकडूनच.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजात थंड करणारी कॉइल आपल्याला दिसत नाही, ती फ्रीजरच्या मागच्या पॅनेलच्या आत असते. एक छोटा पंखा त्या कॉइलवरची थंड हवा फ्रीजरमध्ये आणि तिथून खाली फ्रिजात ढकलतो आणि तीच हवा फिरून परत कॉइलवर जाते. म्हणजे फ्रीजरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत नीट न बांधलेले बांगडे असतील तर त्यांची हवा खालच्या श्रीखंडापर्यंत पोचते. कॉइलवर बर्फ साचतो, तो वितळवायला हीटर थोड्या थोड्या वेळाने चालू होतो, आणि ते पाणी एका भोकातून, बारीक पाईपातून, मागे खाली कॉम्प्रेसरच्या वरच्या ट्रेमध्ये पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाफ होऊन उडून जातं. सिंगल डोअरच्या साध्या फ्रिजात पंखा नसतो, बर्फाचा कप्पा वर दिसतो, बटण दाबून बर्फ वितळवायचा, पण पाणी मागच्या ट्रेमध्येच जातं.

आता विचार करा, माशाची पिशवी फ्रीजरमध्ये फुटली, लाईट गेली, रक्ताचं पाणी वितळून खाली आलं, ते कुठे जाणार? त्याच भोकातून त्याच पाईपातून त्याच ट्रेमध्ये. आणि ट्रे तर कोमट असतो, जिवाणूंना ह्याहून चांगली जागा नाही. फ्रिज विकणारा आतून पुसतो, बाहेरून पॉलिश मारतो, पण मागे वाकून तो ट्रे फार कमी जण काढतात. माझ्या ट्रेमध्ये बोटभर जाडीचा काळपट चिकट गाळ होता, त्यात माशाचे खवले ओळखू येत होते.

ओळखायची खूण अशी. दार बंद असताना स्वयंपाकघरात वास येतो आणि फ्रिजाच्या मागे गेलं की वाढतो, तर ट्रे. दार उघडल्यावरच येतो तर आतलं काहीतरी, आणि त्यात पहिला संशय दाराच्या रबराचा. ते रबर घडीघडीचं असतं, आत लोहचुंबकाची पट्टी असते, त्या घड्यांमध्ये दूध, रस्सा, खवले आणि आपल्याकडच्या हवेत हमखास काळी बुरशी. दुसरा संशय मागच्या भिंतीतल्या त्या भोकाचा. तिसरा काचेच्या शेल्फला जी प्लास्टिकची चौकट असते तिच्या खाचेचा, काच वर ओढून काढली की खाली काय काय निघतं ते बघवत नाही. भाजीच्या ट्रेच्या खाली, बर्फाच्या ट्रेमध्ये, दिव्याच्या झाकणाच्या मागे, हे पण बघा. नाक एकेका जागेजवळ नेऊन हुंगायचं, मध्ये बाहेर फिरून यायचं. थंडीत कण कमी उडतात म्हणून आधी फ्रिज बंद करून, दार लावून तीन-चार तास ठेवा आणि मग हुंगा, गरम झालेल्या फ्रिजात वास लपून राहत नाही.

साफ करायला बसताना प्लग काढायचा, बटण बंद केलं एवढ्यावर भागवायचं नाही, प्लगच काढायचा, कारण मागे हात घालणार आहात. जे जे सुटतं ते सगळं काढून बाहेर. काचेची शेल्फं एकदम गरम पाण्यात घालू नका, थंड काच तडकते, तासभर बाहेर राहू दे. पहिली फेरी साबणाची, भांड्याचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी. बांगडा आणि तारले हे तेलकट मासे, त्यांचं तेल प्लास्टिकवर पातळ थर धरून बसतं आणि हवा लागून खवट होतं, त्या तेलाच्या थराखाली वास सुरक्षित असतो. तेल काढल्याशिवाय व्हिनेगर लावलंत तर ते वरूनच घसरून जातं.

दुसरी फेरी आम्लाची. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. नुसतं पुसून सोडायचं नाही, जुनी सुती कापडं त्यात भिजवून आतल्या भिंतींना, तळाला चिकटवून ठेवायची, वीस मिनिटं तरी. रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने. व्हिनेगर नसेल तर किराणावाल्याकडे लिंबूसत मिळतं, एक लिटर पाण्याला दोन-तीन चमचे. आगळ घरात आहे म्हणून तेच लावायचा मोह मलाही झाला होता, पण कोकमाचा रंग पांढऱ्या प्लास्टिकमध्ये मुरतो आणि फ्रिज कायमचा गुलाबी, तेवढं करू नका. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून कोरडं.

बऱ्याच फ्रॉस्ट फ्री फ्रिजात ते भोक फ्रीजरच्या मागच्या पॅनेलच्या आत असतं, तिथे मेकॅनिकच लागतो. आतून दिसणारं भोक साफ करायला मात्र गाडीच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये मिळते तशी मोठी सिरिंज घ्या, सुई नाही, त्यात कोमट साबणाचं पाणी भरून जोरात सोडा, मग व्हिनेगरचं, मग साधं. मागे ट्रेमध्ये पाणी पडतंय का बघा. पडत नसेल तर पाईप तुंबलाय, पातळ लवचिक प्लास्टिकची नळी हळूच सरकवायची, कडक तार घुसवू नका. ट्रे काही फ्रिजात सरळ ओढून निघतो, काहींत स्क्रू असतो, काहींत कॉम्प्रेसरवर बसवलेला असतो आणि निघतच नाही, तिथे मग कापडाने टिपून टिपून काढावं लागतं. फ्रीजरचं मागचं पॅनेल मात्र स्वतः उघडू नका, मेकॅनिकला बोलवा. आत हीटर, सेन्सर आणि कॉइल असते, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजात आर-६००ए नावाचा गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेणारा आहे, कॉइलला भोक पडलं तर काम वाढेल आणि धोका पण. याच कारणाने बर्फ सुरीने खरवडायचा नाही. कुठला गॅस आहे ते कॉम्प्रेसरवरच्या किंवा फ्रिजाच्या मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं.

बुरशीसाठी आपल्याकडे लोक पटकन ब्लीच किंवा ग्रामपंचायत विहिरीत टाकायला देते ती टीसीएल पावडर घेतात. बुरशी मरते हे खरं, पण इथे मी हात जोडून सांगते, ब्लीच किंवा टीसीएल आणि व्हिनेगर कधी एकत्र येऊ देऊ नका, एकाच दिवशी सुद्धा नको. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जीवघेणा आहे. अमोनियाबरोबर पण ब्लीच विषारी वायू करतं, आणि मोरीच्या फ्रिजात अमोनिया असतोच. शिवाय जुन्या सिंगल डोअर फ्रिजातला बर्फाचा कप्पा ॲल्युमिनियमचा असतो, ब्लीच आणि धुण्याचा सोडा त्याला खातात, बारीक भोकं पडली की गॅस गेला. मी रबराच्या बुरशीला मेडिकलमध्ये मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं, दहा मिनिटांनी पुसलं, काळे डाग पूर्ण गेले नाहीत पण मातकट वास गेला.

एवढं सगळं केल्यावर माझा वास निम्म्याहून जास्त गेला आणि उरलेला जाईना. उरलेला प्लास्टिकच्या आत होता. फ्रिजाच्या आतलं अस्तर प्लास्टिकचं असतं आणि आपल्याला ते घट्ट काचेसारखं वाटत असलं तरी महिनोनमहिने वासात राहिलं की वासाचे कण त्यात मुरतात, लोणच्याच्या प्लास्टिक बरणीला कितीही धुतलं तरी वास येतो तसंच. ते घासून निघत नाहीत, ते आपल्या आपण बाहेर यायची वाट बघावी लागते, आणि गरमीत ते लवकर बाहेर येतात. म्हणून फ्रिज बंद ठेवून, दोन्ही दारं सताड उघडी ठेवून, समोर टेबल फॅन लावून दोन दिवस सोडायचा. घरात लहान मुलं असतील तर दार दोरीने असं बांधा की ते लागणारच नाही, शेल्फं काढलेला रिकामा फ्रिज मुलांना लपायला आवडतो आणि आत अडकलं मूल गुदमरतं. काचा आणि ट्रे उन्हात ठेवले तर उत्तम, प्लास्टिक मात्र दिवसभर कडक उन्हात नको, पिवळं पडून ठिसूळ होतं, सकाळचं दोन तास बस्स.

त्यानंतर कोळसा, आणि ह्यात कोकण श्रीमंत आहे. वास धरणारा सगळ्यात चांगला कोळसा म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि त्यातला बराचसा चांगला नारळाच्या करवंटीपासून करतात. करवंटीचा कोळसा करून मग प्रचंड तापमानाला वाफेने त्यात बारीक बारीक छिद्रं पाडतात, इतकी की एका ग्रॅमच्या आत ५०० ते १००० चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो. आपल्या हिशोबात सांगायचं तर चिमूटभर कोळशात पाच ते दहा गुंठे जमीन. वासाचे कण येऊन त्या जमिनीवर चिकटून बसतात. बहुतेक वास तो कमी-जास्त धरतो, अमोनिया मात्र फारसा नाही, तो आधी आम्लानेच काढायचा, म्हणून शेवटच्या उरल्यासुरल्या मिश्र वासाला तोच बरा. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो. दोनशे ग्रॅम घेऊन दोन-तीन ताटल्यांत पसरून ठेवायचा, वाटीत ढीग करून नाही, आणि फ्रॉस्ट फ्री असेल तर फ्रिज चालू ठेवायचा म्हणजे पंखा हवा फिरवून फिरवून कोळशावर आणतो. चुलीतला घरचा करवंटीचा कोळसा पण चालतो पण त्यात ती छिद्रं खूप कमी, म्हणून जास्त घ्यावा लागतो. फ्रिजातली ओल पण तो थोडी धरतो, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी बदला. वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे पण ओल आणि वास दोन्ही ओढतात, फ्रिज बंद असताना ते भरून ठेवा आणि रोज बदला. कॉफी आणि लिंबाची फोड यांचं काम मुख्यतः झाकायचं.

आता वाईट बातमी, काही फ्रिजातला वास जातच नाही आणि तो का ते कळलं की मनाला त्रास होत नाही. आतलं प्लास्टिक आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा फोम भरलेला असतो. आतल्या अस्तराला चीर असेल, एखादा कोपरा फुटलेला असेल आणि तिथून माशाचं पाणी फोममध्ये गेलं असेल तर तिथे ना हात पोचतो ना व्हिनेगर ना कोळसा. आपल्या किनाऱ्यावर हे विशेष बघायला लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडपर्यंत कितीतरी गावांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती, मे २०२१ च्या तौक्तेत सिंधुदुर्गात पण तेच, आणि भरलेल्या फ्रिजात मासे, मटण जागच्या जागी सडलं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा फ्रिज तरंगत होते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या फ्रिजाच्या फोममध्ये गटाराचं पाणी गेलेलं असतं, तो कितीही चमकवला तरी खाण्याच्या वस्तू ठेवायच्या लायकीचा राहत नाही, आणि मोटरची-वायरिंगची भीती वेगळीच. खाली पत्र्यावर एका सरळ रेषेत गंजाची किंवा चिखलाची खूण, मागच्या स्क्रूच्या खाचेत वाळलेला गाळ, दाराच्या खालच्या कडेला पत्रा फुगलेला, असं काही दिसलं तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

दुकानात काय करायचं ते आता मला कळतंय. फ्रिज बंद अवस्थेत दार लावून दोन तास ठेवायला सांगायचं, चहा पिऊन यायचं आणि मग उघडायचं. सेंटचा वास येत असेल तर तीच शंकेची जागा. रबराच्या घडीत बोट फिरवून हुंगायचं, मागे जाऊन ट्रेत टॉर्च मारायचा, आतल्या कोपऱ्यांवर नख फिरवून चीर शोधायची. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा, पट्टी सहज ओढली गेली तर रबर सैल झालंय, दमट हवा आत जाणार आणि पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते तेव्हा बुरशी परत येणार. मग चालू करून बघायचा. जळक्या प्लास्टिकचा किंवा वायरीचा वास आला तर तो साफ करायचा प्रकार नव्हे, लगेच प्लग काढून मेकॅनिक. आणि माशासारखा वास कधी कधी तापलेल्या वायरिंगच्या प्लास्टिकला पण येतो, म्हणून धुवूनही फक्त चालू असतानाच, मागच्या बाजूला किंवा प्लगपाशी येत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

माझ्या फ्रिजाला सगळं मिळून सोळा दिवस लागले. साबण आणि व्हिनेगरच्या दोन-दोन फेऱ्या, ट्रे तीनदा, मेकॅनिक दादांनी एकदा पॅनेल उघडून कॉइल धुतली, तीन दिवस फॅन, आणि मग कोळसा. तिसऱ्या वेळेला उघड्या वाटीतलं लोणी आणि डब्यातलं लोणी काकींना डोळे मिटून चाखायला दिलं, त्यांना ओळखता आलं नाही कुठलं कुठलं.

आता पावसाळ्यात जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते म्हणून त्याआधी घरोघरी फ्रीजर भरतात, मी पण भरला. मासे साफ करून, धुवून, पाणी पूर्ण निथळून, एका वेळेपुरते घट्ट डब्यात, डबा खालच्या बाजूला, थर्मामीटर ठेवून फ्रीजर उणे १८ च्या खाली आहे ना आणि खालचा भाग ४ अंशाच्या वर जात नाही ना ते बघते. थंडीत जिवाणू मरत नाहीत, फक्त मंदावतात, म्हणून लाईट चार तासांच्या वर गेली की खालच्या भागातलं मासे-दूध ठेवत नाही. फ्रीजर गच्च भरलेला आणि दार न उघडलेला असेल तर दोन दिवसांपर्यंत तग धरतो, अर्धा भरलेला असेल तर एकच दिवस. सुकट आणि खारे बांगडे फ्रिजात ठेवायचेच असतील तर काचेच्या बरणीत, प्लास्टिकच्या नाही. गावाला जायचं असेल तर रिकामा करून, पुसून, प्लग काढून, दारात कापडाची गुंडाळी अडकवून उघडा सोडून जायचं. आणि मोरी आली तर ती त्याच दिवशी शिजवते, फ्रिजात ठेवत नाही.